केशराला बी नसतं

कोजागरीला नागपुरात गच्चीगच्चीवर मसाला दूध आटत असतं, साधारण त्याच सुमाराला काश्मिरात पांपोरच्या शेतांत केशराची जांभळी फुलं उमलायला लागतात. फुलाच्या कुक्षीचे तीन लाल तंतू वाळवले की झालं केशर. एका किलोसाठी दीड लाखाच्या आसपास फुलं हातानं खुडावी लागतात, म्हणून भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

मला मात्र भावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. या झाडाला बी धरतच नाही. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे जोडीनं संच असतात. केशरात आठ-आठचे तीन संच, म्हणजे एकूण 24. परागकण आणि बीजांड घडताना तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून झाड वांझ राहतं. वाढतं ते जमिनीतल्या कंदातून. म्हणजे ना वाऱ्यानं ते कुठं नेलं, ना पाखरांनी. जनुकीय अभ्यासांनुसार त्याचा रानटी पूर्वज ग्रीसचा. तिथल्याच थेरा बेटावर, अक्रोतिरी या प्राचीन नगरातल्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या भित्तिचित्रांत बायका केशर खुडताना दिसतात. तिथून इराण, स्पेन, काश्मीर हा सगळा प्रवास माणसानं कंद उकरून, जपून, पुन्हा लावून घडवला. आज जगातलं बहुतेक केशर इराणात पिकतं.

आता ते नागपुरातही बंद खोलीत फुलवून पाहिलं जातंय. हे जमतं कारण फुलण्यापुरतं अन्न कंदातच साठलेलं असतं. माती नसली तरी ट्रेमध्ये ठेवलेला कंद फुलतो. त्याला हवं असतं तापमान. 23 ते 27 अंशांत कंदाच्या आत कळी घडते आणि पारा 17 च्या आसपास उतरला की ती बाहेर येते. मे महिन्यात 45 अंश गाठणाऱ्या आपल्या उघड्या शेतात हे गणित बसायचं नाही, वातानुकूलित खोलीत बसतं. पण खरी परीक्षा फुलांनंतरची. जुना कंद संपतो आणि नवे कंद पोसायला पानांना भरपूर उजेड लागतो. पुढच्या वर्षीचे कंद विकतच आणायचे असतील आणि वर विजेचं बिल, तर हे पीक परवडणं अवघड आहे.

स्वयंपाकघरात केशर कसं वापरायचं, हे त्याच्या रंगावरून ठरतं. हा रंग क्रोसिनचा. ते गाजराच्या आणि लाल मिरचीच्या रंगद्रव्यांच्या घराण्यातलं. हे घराणं तेलातुपात विरघळणारं. सावजी रश्शावर लाल तर्री तरंगते ती त्यामुळेच. क्रोसिनच्या रेणूला मात्र दोन्ही टोकांना शर्करा जोडलेली असते, म्हणून ते पाण्यात आणि दुधात उतरतं. श्रीखंडात घालायचं असो की बासुंदीत, केशर तुपात न टाकता कोमट दुधात भिजवावं. कडसर चव पिक्रोक्रोसिनची. तंतू वाळताना त्याच्यापासूनच सॅफ्रानल तयार होतं आणि वास येतो.

भेसळीला करडईच्या वाळल्या पाकळ्या चालतात, आणि करडई तर आपल्या विदर्भाचीच. ओळखायला चिमूटभर केशर पाण्यात टाका. अस्सल तंतू सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडतो आणि स्वतः लालच राहतो. पाणी लगेच लाल झालं तर रंग वरून चढवलेला समजावा. पण पिवळा रंगही कृत्रिम असू शकतो, म्हणून भिजलेल्या तंतूचं टोक भिंगातून पाहावं. केशराचं टोक तुतारीसारखं रुंदावत जातं आणि त्याची कड बारीक कातरलेली असते. करडईचं फूल नळीसारखं, पुढं पाच अरुंद पाकळ्यांत फाटलेलं दिसतं.