क्रूझच्या आधीचे आणि नंतरचे दिवस : बुकिंग करण्यापूर्वी एवढे वाचा

क्रूझसाठी आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "जहाज संध्याकाळी सहाला सुटतं, विमान दुपारी एकला उतरतं. मग आदल्या दिवशी जाऊन हॉटेलात पैसे कशाला घालवायचे?" आमचे उत्तर ऐकून काहींना पटते, काहींना वाटते की आम्ही बिल वाढवतोय. समोर बसून दहा मिनिटांत हा विषय नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. केबिन कुठली घ्यावी, जेवण कसे असते, हे आपण ऑफिसात बोलूच. इथे फक्त विमान, बंदर, फिरणे आणि मुक्काम यांची सांगड कशी घालायची ते सांगितले आहे.

आधी आपल्या हंगामाचे बघू. आमचे बरेच ग्राहक कोकणातले आंबा बागायतदार आहेत. मे संपतो, पेट्यांचा हिशेब होतो आणि गणपतीच्या आत एक मोठी सहल करून यायची असते. भूमध्य समुद्रातल्या जहाजांचा भर हंगामही तेव्हाच असतो. म्हणजे तिकडे ऊन आणि इकडे धो धो पाऊस. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. रोहा ते वीर सोडले तर मार्ग अजून बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी रखडली की क्रॉसिंगसाठी मागच्या सगळ्या रखडतात. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा रेल्वे जवळजवळ एक दिवस बंद होती. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तर कोणी विसरलेले नाही. घाटात आणि महामार्गावर काय होते ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

पुणे-मुंबईच्या माणसाने बंदरावर एक दिवस आधी पोचले तरी बऱ्याचदा भागते. आपल्याला दोन रात्री धराव्या लागतात, एक मुंबईत आणि एक जहाज जिथून सुटते त्या शहरात. पावसाळी प्रवासाला आम्ही या दोन रात्रींशिवाय बुकिंग करत नाही. कोणाला तरीही थेटच जायचे असेल तर तसे लेखी घेतो. याचा काहींना राग येतो, पण जहाज चुकल्यावर दुसऱ्या देशातून येणारा फोन आम्हालाच उचलावा लागतो.

मुंबईतली रात्र आमच्याकडूनच बुक करा असे मुळीच नाही. डोंबिवलीला भाऊ, ठाण्याला भाची, विरारला मेहुणा असतोच. खुशाल त्यांच्याकडे राहा. ती रात्र बेतात असली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. आणखी एक घोटाळा इथेच होतो. युरोपकडे आणि आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, वेळ ०२.४० असेल तर विमानतळावर ११ च्या रात्रीच हजर व्हायचे. "१२ ला दुपारच्या मांडवी एक्सप्रेसने निघू, रात्रीचंच तर विमान आहे," असे म्हणणारे सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे तेही वाचा. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईपर्यंत एक तिकीट आणि पुढचे परदेशाचे दुसरे, असे वेगवेगळे काढले तर पहिले विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. दोन्ही एकाच पीएनआरवर असतील तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीवर येते. चार पैसे जास्त गेले तरी आम्ही एकच पीएनआर करतो.

आता तो दुपारी एक ते संध्याकाळी सहाचा हिशेब. कागदावर पाच तास दिसतात. चेक-इनचा काउंटर मात्र जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतो, काही ठिकाणी त्याहूनही आधी. प्रवाशांची यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यायची असते, त्यामुळे तिथे गयावया करून उपयोग नसतो. म्हणजे हातात राहिले साडेतीन तास. त्यातून इमिग्रेशनची रांग वजा करा. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी सुरू झाली आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचे बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. मग बॅगा, मग टॅक्सी, मग बंदरावरची रांग. एवढे सगळे वेळेवर झाले आणि दोहा किंवा दुबईचे विमान फक्त दोन तास उशिरा आले, तर संपले.

समजा माणसे पोचली आणि बॅग आली नाही. विमान बदलताना बॅग मागे राहणे ही रोजची गोष्ट आहे. शहरात एक मुक्काम असेल तर ती दुसऱ्या दिवशीच्या विमानाने बहुधा हॉटेलवर येते. जहाज निघून गेले की बॅग एकेका बंदरावर जहाजाच्या मागे फिरते. तोवर औषधे, चष्मा, आईंची नऊवारी, सगळे त्या बॅगेत. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एका दिवसाचे कपडे हातातल्याच पिशवीत ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

जहाज चुकले तर भाडे परत मिळत नाही. पुढच्या बंदरावर जाऊन चढता येते का, असे सगळे विचारतात. कधीकधी येते, पण जहाजकंपनीने परवानगी द्यावी लागते, तिथपर्यंतचे विमान स्वतःच्या पैशाने काढावे लागते, आणि ते बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला वेगळा व्हिसा लागू शकतो. काहींच्या घरातला मुलगा बोटीवर नोकरीला असतो आणि तो म्हणतो, "आम्ही तर कुठल्याही बंदरात चढतो." खरे आहे, पण त्याच्यासाठी कंपनीचा एजंट धावपळ करत असतो. प्रवाशाला तो एजंट नसतो.

आमचा सल्ला असा की वेगळे फिरायचे दिवस क्रूझच्या आधी ठेवा, नंतर नको. बरेच लोक उलटा बेत आणतात, म्हणजे आधी थेट जहाज आणि नंतर तीन दिवस रोम. तेच तीन दिवस आधी घेतले तर राखीव रात्रीचा वेगळा खर्चच उरत नाही. त्या रात्री तुम्ही तशाही तिथे राहणार होता. विमान रद्द झाले तर रोमचा एक दिवस जाईल, जहाज जाणार नाही. वेळेच्या फरकाने उडालेली झोपही आधीच जागेवर येते. नुसती हॉटेलची बुकिंगे बघून आम्हाला भेटणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

शहराचे नाव आणि बंदर यांची गल्लत करू नका. जाहिरातीत "रोम" लिहिलेले असते, जहाज लागते चिविताव्हेक्कियाला. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून तिथे रेल्वेने साधारण तासभर लागतो. लंडन म्हणून विकलेले जहाज साउदॅम्प्टनहून सुटते. व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे बरीच जहाजे मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून निघतात. शेवटची दोन ठिकाणे व्हेनिसपासून दीडेकशे किलोमीटरवर आहेत. व्हेनिसला हॉटेल आधीच बुक करून आमच्याकडे आलेल्या कुटुंबाचे जहाज राव्हेन्नाचे निघते तेव्हा सगळे पुन्हा मांडावे लागते. सिंगापूरमध्ये एकाच शहरात दोन टर्मिनल आहेत, हार्बरफ्रंट आणि मरीना बे. टॅक्सीवाल्याला नुसते "क्रूझ टर्मिनल" सांगू नका.

आणि मुंबईचेही सांगून ठेवतो. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात बोट म्हटली की भाऊचा धक्का. क्रूझ तिथून सुटत नाही, ती बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटते. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे लोक विचारतात की गोव्याला जहाज लागले की उतरून घरी गेलो तर चालेल का. मुंबई ते मुंबई तिकिटावर मध्येच उतरायचे तर जहाजकंपनीची आधी परवानगी हवी. बुकिंगच्या वेळीच सांगा, गोव्यापर्यंतचे तिकीट मिळत असेल तर तेच काढू.

बंदरावर उतरून फिरण्याबद्दल आमचे मत ठरलेले आहे, पण सरसकट नाही. जहाजाची सहल महाग असते हे मान्य. पण त्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांना पुढे पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. म्हणून चिविताव्हेक्कियाहून रोम आणि लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स या लांबच्या ठिकाणांना आम्ही जहाजाचीच सहल घ्यायला सांगतो, आणि ती विकून आम्हाला विशेष काही मिळत नाही. बार्सिलोनासारखे शहर बंदराला लागूनच असेल तर स्वतः फिरा, मजेत फिरा, पैसे वाचवा. तिथे आम्ही मराठीत छापलेला चालायचा नकाशा देतो. कुठेही गेलात तरी जहाजावर परतायच्या वेळेच्या दोन तास आधी बंदराच्या गावात या.

सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकते आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुधा आधी सोडतात, बाकीच्यांना नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. वर गावात जायला केबल कार आहे, तिलाही रांग असते, आणि परतताना तर जास्तच. अशा बंदराला स्वतःची गाडी ठरवताना सकाळी लवकरची वेळ देऊ नका.

घड्याळाची चूक सर्वांत वाईट, कारण ती कळतच नाही. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सिंगापूरहून निघालेले जहाज फुकेतला लागले की मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो, पण जहाजाने सिंगापूरचीच वेळ ठेवलेली असू शकते. मोबाइलवर साडेतीन वाजलेले असतात आणि जहाजावर साडेचार. उतरताना जहाजावरचे घड्याळ बघा आणि मनगटावर साधे घड्याळ घाला. रोज केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमाच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

परतीला जहाज सकाळी लवकर लागते. तरी सगळ्यांना उतरायला नऊ-दहा वाजतात, कारण बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवलेल्या असतात आणि त्या धक्क्यावर शोधायच्या असतात. बंदर विमानतळाजवळ असेल तर दुपारी एकनंतरचे विमान घ्या. चिविताव्हेक्कियासारख्या लांबच्या बंदराला तीननंतरचे. सकाळी अकराचे स्वस्त तिकीट आम्ही काढून देत नाही. मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशीची पुढची गाडी पकडायची घाईही नको. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात परत येणार असाल तर गाडीचे आरक्षण सहलीच्या आधीच हातात हवे, कारण तेव्हा सगळा चाकरमानी गावाकडे निघालेला असतो.

व्हिसाचे एकच, पण महत्त्वाचे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मॉन्टेनेग्रो नाही. त्यामुळे क्रोएशियातले दुब्रोव्हनिक, मॉन्टेनेग्रोतले कोटोर आणि पुन्हा ग्रीस असा मार्ग असेल तर कोटोरला तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येता. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर अडचण होते. तो बहुप्रवेशाचाच मागायचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यात आधीच्या-नंतरच्या मुक्कामांची बुकिंगे दाखवावी लागतात. म्हणून मुक्काम आधी ठरवावे लागतात, पण व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील असेच. आम्ही तशीच हॉटेले निवडतो. ती थोडी महाग पडतात आणि मोबाइलवर बघून "हेच स्वस्तात मिळतंय" म्हणणाऱ्यांना हा फरक दिसत नाही. प्रवास विमा फक्त जहाजाच्या दिवसांचा घेऊ नका. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा घ्या, आणि त्यात जहाज चुकल्याची भरपाई आहे का ते आम्हाला विचारा. शेंगेनसाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागतेच.

पुढच्या जून-जुलैसाठी विचार असेल तर दिवाळीच्या सुमाराला या. येताना सगळ्यांचे पासपोर्ट आणा. परतीच्या तारखेनंतर त्यांची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. तुमच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव पासपोर्टवर जसे असेल तसेच सगळ्या तिकिटांवर घालावे लागते, म्हणून आधार कार्डावरून नाव सांगू नका. विमान स्वतः काढायचे ठरवले असेल तर पैसे भरण्याआधी वेळा आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तपासून द्यायचे आम्ही काही घेत नाही, तिकीट दुसरीकडून काढले तरीही.