प्लोझेवेत : लग्नांच्या नोंदींवरून मोजलेले गाव

एखादे आडबाजूचे खेडे शतकानुशतके एकाच जागी नांदत राहिले की तेथील माणसे ‘शुद्ध रक्ताची’ राहतात, ही समजूत जुनीच आहे. वंशाची टक्केवारी सांगणाऱ्या डीएनए चाचण्यांच्या जाहिरातींनी तिला अलीकडे पुन्हा खतपाणी घातले आहे. ही समजूत कितपत खरी आहे हे तपासायचे असेल, तर फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रिटनी प्रांतातल्या प्लोझेवेत या गावाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्लोझेवेत हे फिनिस्तेर जिल्ह्यात, ओदिएर्न उपसागराच्या काठी वसलेले शेतकऱ्यांचे गाव. किनाऱ्यावरच्या एका मेनहिरवर, म्हणजे प्रागैतिहासिक उभ्या शिळेवर, १७९७ साली इंग्रजांशी लढताना तेथे फुटलेल्या फ्रेंच युद्धनौकेची आठवण कोरलेली आहे. विज्ञानाच्या जगात मात्र या गावाचे नाव झाले ते १९६१नंतर. मानवशास्त्रज्ञ रोबेर जेसँ यांच्या पुढाकाराने डॉक्टर, आनुवंशिकीतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि इतिहासकार अशा शंभराहून अधिक संशोधकांनी काही वर्षे या सुमारे ३,७०० वस्तीच्या गावाचा अभ्यास केला. समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँ हेही त्यांच्यात होते. हे गाव निवडण्याचे एक मोठे कारण वैद्यकीय होते. हे गाव ज्यात येते त्या बिगूदें प्रदेशात जन्मतः खुबा निखळलेल्या, आणि म्हणून आयुष्यभर लंगडणाऱ्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण फार मोठे होते, आणि आपापसांतील लग्नांमुळे हा समाज जणू बेटासारखा अलग राहिला असावा, असा संशोधकांचा कयास होता.

असे बेट किती मोठे आहे हे मोजायचे कसे? गावाची शिरगणती येथे उपयोगाची नाही, कारण माणसे गावाच्या हद्दीत राहतात, पण जोडीदार त्याच हद्दीत शोधतात असे नाही. आपल्याला हवी आहे ती ज्या वर्तुळात सोयरीक होऊ शकते त्याची लोकसंख्या. स्वीडनचे आनुवंशिकीतज्ज्ञ गुन्नार दालबेर्ग यांनी ती शोधण्याची जी युक्ती सांगितली, तिच्या साधेपणाचे मला नेहमीच फार कौतुक वाटते. समजा, प्रत्येक कुटुंबातील सरासरी तीन मुले मोठी होऊन लग्न करतात. मग आपल्या आईला दोन आणि वडिलांना दोन अशी चार भावंडे असतील, आणि त्या प्रत्येकाची तीन, म्हणजे एकूण बारा चुलत, आते, मामे व मावस भावंडे आपल्याला असतील. त्यांपैकी सरासरी सहा भिन्नलिंगी, म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने संभाव्य जोडीदार. वर्तुळात एकूण ६०० माणसे असतील, तर भिन्नलिंगी जोडीदार सुमारे ३०० मिळतात. जोडीदाराची निवड केवळ योगायोगाने झाली, तर दर पन्नास लग्नांपैकी एक अशा भावंडांमध्ये होईल. आता हेच गणित उलटे फिरवावे. पन्नासांत एक लग्न असे आढळले, तर वर्तुळ ६०० माणसांचे. दोनशेंत एक आढळले, तर २,४०० माणसांचे. नात्यातील लग्ने मुद्दाम टाळली किंवा मुद्दाम जुळवली जात असतील, तर हा हिशेब बिघडतो, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

या गणिताला लागणारी माहिती फ्रान्समध्ये चर्चने जपून ठेवली होती. जवळच्या नात्यात लग्न करण्यास कॅथलिक चर्चची मनाई असल्यामुळे त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागे आणि तिची नोंद होई. १९१७पर्यंत तर ज्यांचे पणजोबा सख्खे भाऊ होते अशा जोडप्यांनाही ती घ्यावी लागे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जाँ स्युतेर आणि लेओं ताबा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच परवानग्यांच्या आधारे फिनिस्तेर आणि ल्वार-ए-शेर या दोन जिल्ह्यांतील अशी वर्तुळे अभ्यासली.

आता आनुवंशिकीकडे वळू. चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांनी लग्न केले, तर त्यांच्या अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून मिळण्याची शक्यता १/१६ असते. ज्यांचे आजी-आजोबा सख्खी भावंडे होती त्यांच्या बाबतीत ती १/६४ होते. शंभरांत एक प्रत सदोष असेल आणि दोन्ही प्रती सदोष असतानाच रोग होत असेल, तर एरवी दहा हजारांत एका मुलाला तो होईल, आणि अशा चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतून झालेल्या दहा हजार मुलांपैकी सुमारे सात जणांना. जोखीम सातपट झाली हे खरे, पण उरलेली ९,९९३ मुले त्या रोगापासून मुक्त असतात, हेही तितकेच खरे. नात्यातील लग्न म्हणजे शाप, ही समजूत जशी निराधार, तशीच त्यात काहीच धोका नाही ही समजूतही.

खुब्याचा विकार मात्र अशा एकाच जनुकाच्या हिशेबात बसत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि मुलांपेक्षा मुलींत तो कितीतरी पट अधिक आढळतो. पण तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळून ठेवण्याच्या रीतीचाही त्यात हात असतो, कारण सांध्याची खोबण नीट घडण्यासाठी मांड्या फाकलेल्या आणि वाकलेल्या असणे हिताचे असते. आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात तेव्हा त्याचे पाय नेमके त्याच स्थितीत असतात, आणि अशी सवय असलेल्या समाजांत हा विकार कमी आढळतो.

राहिला प्रश्न शुद्धतेचा. याच बिगूदें प्रदेशातल्या सें-जाँ-त्रोलिमों या छोट्या गावातील १७२० ते १९८० पर्यंतच्या घराण्यांचा मागोवा मानवशास्त्रज्ञ मार्तिन सेगालेन यांनी घेतला, तेव्हा पिढ्यानपिढ्या एकाच शेताला चिकटून राहिलेले शेतकरी त्यांना सापडले नाहीत. बहुतेक शेतकरी कुळे होती. खंडाची मुदत संपली की ती बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी दुसरे शेत धरत. वारसाहक्क सर्व मुला-मुलींना समान होता. लग्ने प्रामुख्याने सोयऱ्यांच्या सोयऱ्यांत होत, म्हणजे दोन घराण्यांचा एकदा संबंध आला की पुढे तो पुन्हा पुन्हा जुळे. वर्तुळ होते, पण ते अनेक गावांवर पसरलेले होते, आणि त्याला बंदिस्त ठेवणारी गोष्ट रक्त नसून जमीन, खंड आणि ओळखीपाळखी ही होती.

हे वर्तुळ फुटले ते मुख्यतः शिक्षणामुळे. प्लोझेवेत हे प्रजासत्ताकवादी, शाळेवर श्रद्धा असलेले गाव होते. तेथील मुले-मुली शिकून शिक्षक आणि सरकारी नोकर झाली आणि दूरच्या गावांत स्थायिक झाली. आज लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे. या किनाऱ्यावरील गावांत जन्मांपेक्षा मृत्यू अधिक असल्यामुळे तो आकडा टिकून राहतो तो बाहेरून येऊन राहणाऱ्यांमुळे, त्यांत निवृत्त झालेल्यांचा भरणा मोठा. दालबेर्ग यांचे सूत्र येथे आता लावता येत नाही, कारण ज्यांच्यावरून वर्तुळ मोजायचे ती नात्यातील लग्नेच मोजण्याइतकी उरलेली नाहीत.