डाव्या हाताचा पंच बसत नाही? बॉक्सिंग बॅग घेतलेल्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी. बॅग किंवा ग्लोव्हज घेऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत बरेच जण परत दुकानात येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, भाऊ उजव्याने बॅग दणकते पण डाव्याने काहीच होत नाही, दंड कमी पडतोय का, कितीचे डंबेल घेऊ. डंबेल आम्हीच विकतो, हो म्हटलं तर धंदाच आहे, पण दहातल्या आठ जणांना त्याची गरज नसते म्हणून हे पत्रक छापून बॅगेसोबत द्यायला लागलो. हे उजव्या हाताच्या लोकांसाठी लिहिलंय, डावखुरे असाल तर सगळं उलटं धरून वाचा.

आधी तुलना तरी बरोबर करा

डावा पाय पुढे ठेवून उभे राहिलात, म्हणजे ऑर्थोडॉक्स स्टान्स, की डावा हात बॅगेच्या जवळ असतो आणि उजवा मागे. मागचा हात लांबून येतो, कंबर पूर्ण फिरते, म्हणून तो जोरात लागतो. पुढच्या हाताला तेवढी जागाच मिळत नाही. त्यामुळे जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) आणि उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) शेजारी ठेवून डावा कमजोर आहे म्हणणं चूक आहे, चांगल्या चांगल्या बॉक्सरचा जॅब सुद्धा त्याच्या क्रॉसएवढा लागत नाही, जॅबचं काम अंतर मोजणं, समोरच्याला थांबवणं आणि मागच्या हाताला रस्ता करून देणं. खरी तुलना करायची तर हुकची, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या पंचची, हुकशी करा, किंवा पाय बदलून उजवा पाय पुढे घ्या आणि मग डावा क्रॉस मारून बघा. तिथे फरक दिसला तर तो खरा फरक.

जोर पायातून येतो

आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर येतात आणि त्यांना हे लगेच पटतं कारण त्यांनी गोळाफेक केलेली असते. पुरुषांचा ७.२६० किलोचा गोळा नुसत्या दंडाने जात नाही हे मैदानावर पहिल्याच आठवड्यात कळतं, मागच्या पायाने जमीन ढकलायची, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. पंचचं पण तसंच. पण याच पोराला सांगा की आता डाव्या हाताने टाक, तर पाय गोंधळतात, आधी हात जातो आणि कंबर मागून येते. दंडात ताकद आहे, पण पाय-कंबर-खांदा-हात हा क्रम डाव्या बाजूला कधी शिकवलेलाच नाही. चेंडू फेकणं, हातोडी मारणं, कुऱ्हाड चालवणं, सगळं आयुष्यभर उजव्यानेच केलंय ना.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे डाव्याने जोरात मारूच नका. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण जोर लावला की शरीर जुन्याच सवयीवर जातं, खांदा वर येतो, श्वास अडकतो आणि नुसता हाताने धक्का बसतो. अर्ध्या जोराने मारा, पण पाय फिरला का हे प्रत्येक पंचला बघा.

डावा हुक, जवळून

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते म्हणून जरा सविस्तर. वजन आधी डाव्या पायावर घ्या, गुडघा थोडा वाकलेला. आता डाव्या पायाच्या चवड्यावर फिरा, टाच बाहेरच्या बाजूला जायला पाहिजे, जमिनीवरचं विडीचं थोटूक विझवल्यासारखी. टाच फिरली की कंबर फिरते, कंबर फिरली की खांदा येतो, आणि हात कोपरात साधारण काटकोनात वाकलेला त्याच्याबरोबरच येतो, वेगळा फेकायचा नाही. डोक्याच्या उंचीवर मारताना कोपर मुठीच्या मागे आणि जवळजवळ तेवढंच वर, खाली लोंबकळलं की जोर मुठीपर्यंत पोचत नाही. उजवा हात गालाला चिकटलेला. अंगठा वर ठेवायचा का तळवा जमिनीकडे यावर कोचमंडळी अजून भांडतात, आमचं मत असं की जवळून मारताना तळवा आपल्याकडे, लांबून मारताना जमिनीकडे, पण मनगटाला जे सरळ वाटेल ते घ्या. मूठ तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर लागली पाहिजे. करंगळीच्या बाजूने लागली तर हाताच्या पंजातलं हाड मोडू शकतं, डॉक्टरलोक त्याला बॉक्सर फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. आणि डाव्या हुकला मनगट आत वाकायची सवय फार जणांना असते, त्यामुळे हातपट्टी बांधल्याशिवाय मारू नका. पट्टी मोठ्या माणसाला साडेचार मीटरची घ्या, छोटीवाली दोनच वेढ्यांत संपते.

पंच बरोबर बसला का हे बॅगच सांगते. ढकलला असेल तर बॅग लांब झुलत जाते आणि आवाज दबका येतो. नीट बसला की बॅग जागच्या जागी कचकन दुमडल्यासारखी होते, साखळी खणकते आणि झोका कमी असतो. बॅग लांब गेली म्हणजे जोरात लागला असं समजून खूश होणारे खूप बघितलेत.

सरावाचं

सगळ्यात महत्त्वाचं, डाव्याचं काम सुरुवातीला करा, अंग ताजं असताना. आपण काय करतो, उजव्याने मस्त दणादण मारून घेतो आणि शेवटी उरलेल्या दमात डाव्याचे दहा-वीस मारतो, मग तो शिकणार कसा. तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिट आराम असा मोबाईलवर टायमर लावा, आरशासमोर एक राउंड फक्त डाव्याचा शॅडो (बॅगशिवाय हवेत पंच मारणं), मग बॅगवर दोन राउंड फक्त डावा, जॅब, हुक, बॉडीला हुक, सावकाश. नंतर उजवा मिसळा. एक युक्ती म्हणजे उजव्या क्रॉसनंतर लगेच डावा हुक मारायचा, क्रॉस मारल्यावर वजन आपोआप डाव्या पायावर आलेलं असतं, कंबर वळलेली असते, हुकला स्प्रिंग तयारच मिळते. ज्यांचा हुक सुटा बसत नाही त्यांचा असा पटकन बसतो.

रोज एक राउंड पाय बदलून पण मारा, उजवा पाय पुढे. मागून येणाऱ्या डाव्या हाताला तेव्हा पूर्ण कंबर फिरवायला मिळते आणि तीच शिकवण नंतर हुकमध्ये उतरते. पण नवीन माणसाने फायटिंगसाठी स्टान्सच बदलून टाकू नये, आधी एक बाजू पक्की होऊ द्या.

होतं का असं खरंच? होतं. फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ उजवा पाय पुढे ठेवून लढायचा, म्हणजे त्याचं उलटं होतं, तो डाव्या हातावरच अवलंबून असायचा, कोच फ्रेडी रोचने त्याच्या उजव्यावर काही वर्षं मेहनत घेतली आणि २००९ मध्ये लास वेगासला रिकी हॅटन पहिल्याच राउंडला खाली बसला तो त्या उजव्या हुकनेच, दुसऱ्या राउंडला डाव्याने खेळ संपला. अमेरिकेचा बॉक्सर जो फ्रेझरचा डावा हात लहानपणी दुखावला तो पुढे पूर्ण सरळच होत नव्हता, आणि त्याच हाताच्या हुकने ८ मार्च १९७१ ला पंधराव्या राउंडला मोहम्मद अली खाली पडला.

मग डंबेल घ्यायचे का

घ्या, पण हातात धरून हवेत पंच मारायला नाही. डंबेलचं वजन खाली ओढतं, पंच पुढे जातो, नुसता खांदा दुखतो. एका हाताने रोइंग (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) करा, सुरुवात डाव्याने, आणि डाव्याचे जेवढे झाले तेवढेच उजव्याने, एक पण जास्त नाही. पुशअप्स, एका पायावरची बैठक, आणि जड बॉल कमरेपासून फिरवून भिंतीवर फेकणं, हे पंचला जास्त उपयोगी. बॉल नसेल तर जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून शिवून देतो, विचारा. आणि कधी डावा हात प्लास्टरमध्ये असला तर उजव्याचा व्यायाम पूर्ण बंद करू नका, डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, एका बाजूच्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्या बाजूलाही मिळतो हे १८९४ मध्येच येल युनिव्हर्सिटीत तपासून झालंय.

खांद्यात चमक येत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा मनगट दुसऱ्या दिवशी पण सुजलेलं असेल तर मलम लावून मारत बसू नका, हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

बॅगबद्दल दोन शब्द

वजन अंदाजे तुमच्या वजनाच्या अर्धं, साठ किलोच्या माणसाला तीस किलोची. भरायला टेलरकडच्या चिंध्या सगळ्यात चांगल्या. घरचा कापूस पडलाय म्हणून तो भरू नका, आपल्या भागात हे दर सीझनला कोणीतरी करतंच, कापूस दबून वर पोकळी होते आणि खाली गोळा. वाळू तर नकोच, ती खाली बसून दगड होते आणि आधी कमजोर मनगटच जातं, म्हणजे डावंच. चिंध्या पण हळूहळू खाली बसतात, सहा महिन्यांनी बॅग उलटी करून परत भरा.

उन्हाळ्यात, म्हणजे जळगाव-भुसावळला पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सराव नको, सकाळी सातच्या आत उरका. ग्लोव्हज उन्हात वाळवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. सावलीत, तोंड उघडं ठेवून, आत कागदाचे बोळे.

दुकानात मागच्या बाजूला एक बॅग टांगलेली आहे, तिथे डावा हुक मारून दाखवा, आम्ही बघून सांगू पाय फिरतो का नाही, त्याचे पैसे नाहीत. येताना स्वतःचे ग्लोव्हज आणि पट्टी आणा, आणि रविवारी दुपारनंतर येऊ नका, तेव्हा बंद असतं.