वाळीत टाकणं आणि घट फोडणं

आमच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेत ऐतिहासिक कथा पुष्कळ येतात, आणि त्यात एक प्रसंग हमखास असतो. हर्णै-मुरुडकडचं गाव, साल 1870 च्या आसपास, दिवस गेलेली मुलगी, खळ्यात जमलेली मंडळी. बाप थरथरत्या हाताने घट फोडतो, आणि पुढच्याच ओळीत ‘असं ते घर वाळीत पडलं’. इथे माझी पेन्सिल थांबते. वाळीत टाकलेल्या माणसाशी व्यवहार तुटतो, पण ते माणूस जिवंत असतं. घट ज्याच्या नावाने जातो, ते माणूस नातलगांच्या लेखी मेलेलं असतं.

वाळीत टाकतं ते गाव किंवा जात, आणि टाकतं बहुधा अख्ख्या घराला. शेजारी विस्तव देत नाही, न्हावी येत नाही, भटजी श्राद्धाला उभे राहत नाहीत, पंगतीत पान मांडलं जात नाही. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. कर्वे पुण्यात होते. झळ बसली ती गावातल्या घरच्यांना. पण वाळीत उठतेसुद्धा. दंड भरा, प्रायश्चित्त घ्या, जातजेवण घाला. घासाघीस चालते, म्हणून तर ती वर्षानुवर्षं रेंगाळते. (आता हा गुन्हा आहे. महाराष्ट्राचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू झाला. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.)

घटस्फोट म्हटलं की आज कोर्टाची तारीख आठवते. नवरा-बायकोच्या फारकतीला जुना शब्द काडीमोड किंवा सोडचिठ्ठी. शास्त्रातला घटस्फोट म्हणजे पतिताचा जिवंतपणीच केलेला अंत्यविधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो बारकाईने दिलाय: निंद्य दिवस, संध्याकाळची वेळ, गावाबाहेरची जागा, नातलग आणि गुरू हजर. पाण्याने भरलेला घट दासी पायाने लवंडते, प्रेतासाठी करतात तसा. मग नातलग एक दिवस-रात्र सुतक पाळतात. म्हणजे खळं नाही, आणि बापाचा हातही नाही. कथाकारांना तो थरथरता हात फार आवडतो, पण मला विचाराल तर दासीचा पाय जास्त भयंकर आहे.

घट लवंडला म्हणून जमीन गेली, असंही लिहू नये. 1850 च्या कायद्याने जातीबाहेर गेल्यामुळे वारसाहक्क बुडणं बंद झालं होतं. नवऱ्याची मिळकत एकदा हाती आलेल्या विधवेची ती मिळकत पुढे ‘वाकडं पाऊल’ पडलं म्हणून काढून घेता येत नाही, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, 1880 मध्ये ठरवलं. भाऊबंदांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे?

आणखी एक. त्या काळच्या ब्राह्मण घरातली ‘कुमारी माता’ फार जपून लिहावी. मुली आठव्या-दहाव्या वर्षीच उजवल्या जात. अशा घरात दिवस जाऊन अडकायची ती बहुधा बालविधवा, लाल आलवणातली. तिला माहेरी ठेवणं म्हणजे वाळीत ओढवून घेणं. म्हणून रातोरात बंदरावर नेऊन गलबतात बसवणं पटण्यासारखं आहे. पुढे पुण्याला पोचली तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह 1863 पासून होतं. तिथे गुपचूप बाळंत होता येई. तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने दत्तक घेतलं.

परतीची वाटही दोन्हींत वेगळी. वाळीत उठते पंगतीत, सगळ्यांच्या देखत, भातावर वरण वाढलं जातं तेव्हा. घट गेलेल्याने प्रायश्चित्त केलं, तर नातलग त्याच्यासह पवित्र तळ्यात स्नान करतात आणि पाण्याने भरलेला नवा घट त्यात सोडतात. बायकांसाठी मनुस्मृतीच्या त्याच अध्यायात एक चमत्कारिक ओळ आहे: विधी हाच करावा, पण पतित स्त्रीला अन्न, पाणी, वस्त्र द्यावं, आणि तिने घराजवळ राहावं. मेलेली, पण घराजवळ.

यंदा आलेल्या एका कथेत नेमकं हे सापडलं. गोठ्यामागच्या खोपीत ती राहते, आई दिवेलागणीला केळीच्या पानावर पेज-भात ठेवून न बोलता वळते. एके दिवशी पानावर दोन लोणच्याच्या फोडी असतात.