पारंपरिक अन्नावरील विश्वास : इनुइट समाज

सील, बेलुगा देवमासा, कॅरिबू हे हरीण, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा या शिकारीच्या अन्नाला कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोक 'निकितुइन्नाक', म्हणजे खरे अन्न, म्हणतात. ते खाण्याजोगे आहे का, हे शिकारी स्वतः ताडतो. जनावराची चाल, चरबीची जाडी, यकृतावरचे डाग, मांसाचा रंग तो पाहतो; शंका आली तर मांस टाकून देतो. एरवी ते घरोघर वाटले जाते. आणणारा माणूस ओळखीचा असतो, त्याच्यावरचा भरवसाच अन्नावरचा भरवसा होतो.

प्रदूषणाने नेमकी ही पारख निकामी केली. पीसीबी या औद्योगिक रसायनाला आणि मांसात मुरलेल्या पाऱ्याला ना रंग, ना वास. दूरच्या औद्योगिक प्रदेशांतून ही द्रव्ये वाऱ्याबरोबर आणि सागरी प्रवाहांबरोबर उत्तरेला पोहोचतात आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जातात. पीसीबी चरबीत साठते, पारा मांसात व यकृतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्वेबेकमधील नुनाविक भागातल्या इनुइट मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिण क्वेबेकच्या सुमारे पाचपट आढळले. ज्यांनी ही रसायने कधी बनवली नाहीत, त्यांच्याच आयांना अंगावरच्या दुधाची धास्ती वाटू लागली.

यानंतरचे नुकसान सरसकट इशाऱ्यांनी केले. 'दूषित' हा शब्द एकदा कानावर पडला की साऱ्याच शिकारीवर संशय येतो. मग ताटात येते दुकानातले महाग, साखर आणि मैद्याचे अन्न. लोह, सेलेनियम, ओमेगा-३ मेदाम्ले मात्र जातात. त्यामुळे नेमका सल्ला मोलाचा ठरतो. २०११ मध्ये नुनाविकमध्ये बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना फक्त बेलुगाचे मांस कमी करायला सांगितले गेले आणि 'आर्क्टिक चार' मासा खाण्यास प्रोत्साहन दिले गेले.

विश्वास पुन्हा बसतो तो तपासणी आपल्या माणसांच्या हाती असली की. वालरस या सागरी प्राण्याच्या मांसातील ट्रायकिनेला कृमीचा प्रश्न प्रदूषणाचा नाही, पण उदाहरण बोलके आहे : शिकारी वालरसची जीभ नुनाविकमधील कूजुआक येथील इनुइटांच्याच संशोधन केंद्राकडे पाठवतात आणि निकाल येईपर्यंत गाव मांस खायचे थांबते.

पीसीबीसारख्या रसायनांवरील स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला. नुनाविकमधील गर्भवतींच्या रक्तातील पीसीबी १९९० च्या दशकापासून बरेच घटले आहे. पीएफएएस ही नवी रसायने मात्र आता त्यांच्या रक्तात आढळतात, आणि त्यांनाही रंग किंवा वास नाही.