मैदानी कार्यक्रमांच्या आवाजाचा आकडा कुठून आला?

साउंड सिस्टीम भाड्याने घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न अजूनही 'किती वॅट?' असाच असतो. वॅटवरून अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कळते. शेवटच्या रांगेत किती ऐकू येणार, ते कळत नाही. 'मिक्सरपाशी (आवाज जुळवणाऱ्याच्या टेबलापाशी) 15 मिनिटांची सरासरी अमुक डेसिबल' ही भाषा करारात यायला युरोपातही बराच काळ जावा लागला.

सुरुवातीची अडचण उलटीच होती: आवाज पुरत नव्हता. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा प्रेक्षक 55 हजारांवर होते. व्हॉक्स कंपनीने गिटारसाठी खास 100 वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिले होते. गाणं मात्र स्टेडियमच्या घोषणांच्या स्पीकरवरून लोकांपर्यंत जात होतं. किंकाळ्यांपुढे ते टिकलं नाही. गाणाऱ्यांना स्वतःचंही धड ऐकू येईना. मग स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि दहाएक वर्षांत पारडं पार दुसरीकडे झुकलं. 31 मे 1976 ला लंडनमध्ये चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर 'द हू' या बँडचा आवाज 32 मीटरवर 126 डेसिबल भरला. गिनीज बुकाने तो विक्रम म्हणून छापला. पुढे, लोकांच्या कानांशी खेळ नको म्हणून, त्यांनी हा विक्रमाचा प्रकारच बंद केला.

मोजायची पट्टी मात्र त्याहून कितीतरी जुनी होती, आणि ती या कामासाठी बनलेलीच नव्हती. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. त्यावर बेतलेली 'ए' पट्टी हळू आवाजांसाठी होती. ती 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) खर्जाला मीटरवरचा आकडा सुमारे 19 डेसिबलने उतरवते, 50 हर्ट्झला तर 30 ने. डॉल्बीपुढे उभं राहिल्यावर छाती हादरते ती याच खर्जाने, आणि मीटर त्याला जवळजवळ माफ करून टाकतो. कारखान्यांच्या नियमांत हीच पट्टी रुळली आणि तिथून कार्यक्रमांत आली.

कारखान्यांनी आणखी एक गोष्ट दिली: वेळेचा हिशेब. 85 डेसिबल(ए), म्हणजे 'ए' पट्टीवर मोजलेले, आठ तास चालतील, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबाने 100 डेसिबलला हाती उरतात फक्त 15 मिनिटं. तीन तासांचा कार्यक्रम त्यात बसवणं अशक्य, म्हणून युरोपातल्या देशांनी आपापली तडजोड काढली. फ्रान्सने 1998 मध्ये सरासरी 105 डेसिबल(ए) ठरवली. जर्मनीच्या 2007 च्या मानकात अर्ध्या तासाची सरासरी 99 आहे. फ्रान्सने 2017 मध्ये आकडा 102 वर आणला आणि सोबत 'सी' पट्टीवरची, खर्जाला जवळजवळ सूट न देणारी 118 डेसिबल(सी) ही दुसरी मर्यादाही घातली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी दुरुस्ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 15 मिनिटांची सरासरी 100 सुचवली. पण तेवढ्याने कान सुरक्षित राहत नाही हे जाणून श्रोत्यांसाठी कानातले बोळे आणि शांत कोपराही मागितला.

हे सगळे आकडे श्रोत्यांच्या जागेचे. शेजाऱ्याच्या झोपेचा धागा वेगळा आहे. ब्रिटनच्या कार्यक्रमांच्या आवाजाबद्दलच्या 1995 च्या संहितेत शहरी स्टेडियमांवर वर्षाला तीनपर्यंत कार्यक्रम असतील तर 75 डेसिबल(ए) चालतात, पण ते मोजायचे जवळच्या घराच्या भिंतीपाशी.

आपले 14 फेब्रुवारी 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम या दुसऱ्या धाग्यातले. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा फार तर 10 डेसिबल(ए) जास्त, किंवा 75. यांतला जो कमी तो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणजे हद्दीवर 65 मिळतात. समोरासमोर बोलणारा माणूस एका मीटरवर साधारण 60 भरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानाने 6 डेसिबल उतरतो. स्टेजपासून 30 मीटरवर 100 धरले, तर 480 मीटरवर अजून 76 उरतात. चाळींनी वेढलेलं एवढं मैदान मुंबई-पुण्यात आणायचं कुठून? स्पीकर टांगून खाली वळवणं, सबवूफर (खर्जाचे स्पीकर) पाठीमागचा आवाज मारतील असे मांडणं, एका मोठ्या ढिगाऐवजी मैदानभर छोटे स्पीकर लावणं, हे उपाय आहेत. पण ते आराखड्यात आधीपासून हवेत. रात्री दहाला पोलीस आल्यावर आवाज कमी करता येतो, स्पीकरची जागा बदलता येत नाही.

हद्दीच्या आत उभ्या श्रोत्याने किती सोसायचं, यावर हे नियम काहीच बोलत नाहीत. ध्वनिक्षेपकातच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांच्या संदर्भात मांडला. तो कार्यक्रमांना लावायचा झाला तर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारं यंत्र) मैदानागणिक वेगळा बसवावा लागेल, कारण एकाच स्पीकरचा आवाज छोट्या मैदानाच्या हद्दीवर वेगळा भरतो आणि मोठ्याच्या वेगळा.