फुकट गेली, परत टाक!

मे महिन्यात खानापूरला गेलं की दुपारी चारनंतर आभाळाकडे बघत बसायचं. वळीव येतो, लाईट जाते आणि सगळं घर ओसरीवर जमतं. यंदा भाच्याच्या हातात पुण्याच्या आतेभावाने दिलेला जुना गेमबॉय होता. तो सेलवर चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी त्याचं काही अडत नव्हतं. पडद्यावर पोकेमॉनची लढाई चालू होती, आणि मधेच तो वैतागून म्हणाला, "मामा, हे लबाड हाय बघा. परत परत तेच काढतंय."

त्याची तक्रार 'मेट्रोनोम' नावाच्या डावाबद्दल होती. पोकेमॉन हा गेमबॉयवरचा व्हिडिओ गेम १९९६ साली जपानमध्ये आला. त्यात दोन प्राणी आळीपाळीने एकमेकांवर डाव टाकतात आणि प्रत्येकाला फार तर चार डाव येतात. मेट्रोनोम हा त्यातला विचित्र डाव आहे. तो वापरला की खेळातल्या सगळ्या डावांपैकी कुठलाही एक आपोआप निघतो. कधी समोरचा एका फटक्यात गार होतो, कधी 'स्प्लॅश' निघतो, ज्याने काहीच होत नाही. आपल्याकडच्या आखाड्यात एखादा पैलवान उतरावा, आणि आपल्या अंगातून ढाक निघणार की धोबीपछाड हे त्याचं त्यालाच ठाऊक नसावं, तसं हे आहे. जपानी भाषेत या डावाचं नाव 'बोट हलवणे' असं आहे. इंग्रजीत मात्र त्याला मेट्रोनोम म्हणतात, म्हणजे गाण्याच्या रियाजात लय धरून देणारं टिकटिक यंत्र. सर्वांत बेभरवशाच्या डावाला सर्वांत नियमित यंत्राचं नाव आहे. हे नाव ध्यानात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आधी तक्रार बघू. पहिल्या पिढीतल्या त्या खेळात एकूण १६५ डाव आहेत. मेट्रोनोम स्वतःला निवडत नाही, आणि बाकी सगळे डाव संपल्यावर नाइलाजाने निघणारा 'स्ट्रगल'ही निवडत नाही. उरले १६३. इतक्या डावांतून तोच तो डाव परत कसा येतो? मी भाच्याला वहीत लिहून ठेवायला सांगितलं आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. दुसऱ्या वेळी पहिलाच डाव न येण्याची शक्यता १६३ पैकी १६२. तिसऱ्या वेळी आधीचे दोन्ही टाळायचे, म्हणजे १६३ पैकी १६१. चौथ्या वेळी १६०. हे अपूर्णांक एकमेकांना गुणत गेलं की शक्यता भराभर उतरते. मेट्रोनोम नुसता १६ वेळा वापरला तरी निदान एखादा डाव दुसऱ्यांदा येण्याची शक्यता ५३ टक्के होते. १६३ या आकड्यापुढे १६ फार लहान वाटतात, पण सोळा डावांच्या जोड्या १२० होतात, आणि प्रत्येक जोडी ही जुळून येण्याची एक संधी असते. पुनरावृत्ती दिसली म्हणजे यंत्र लबाड आहे असं ठरत नाही. उलट, सोळा-सोळाच्या कितीही फेऱ्या घेतल्या आणि एकदाही काही परत आलं नाही, तर मला संशय आला असता.

"खरं, ते निवडतंय कसं?" त्याने विचारलं. आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं.

हा खेळ लोकांनी आतून उलगडून पाहिला आहे, त्यामुळे त्याची रीत नेमकी माहीत आहे. खेळ आधी ० ते २५५ मधला एक आकडा काढतो. गेमबॉयचा मेंदू आठ बिटांचा, त्याच्या एका घासात एवढंच मावतं. प्रत्येक डावाला क्रमांक आहे आणि मेट्रोनोमचा स्वतःचा ११८. आकडा शून्य आला तर तो टाकून परत काढायचा. १६५ किंवा त्याहून मोठा आला तरी परत. ११८ आला तरी परत. योग्य आकडा मिळेपर्यंत हेच चालतं.

इतक्यात गेमबॉयचे सेल संपले. बाहेर पाऊस असा कोसळत होता की नाक्यावरच्या दुकानापर्यंत जाणं शक्य नव्हतं. आईने डब्यातून चिंचोके काढले, खडूने ओसरीवर पंचवीस घरं आखली आणि चल्लस सुरू झाला. चिंचोका फोडून पाट्यावर घासला की एक बाजू पांढरी सपाट होते, दुसरी तपकिरी फुगीर राहते. असे चार तुकडे टाकायचे. चारही पांढरे पडले तर चार, एकही पांढरा नाही तर आठ. तिसऱ्याच फेकीला एक तुकडा भिंतीला टेकून उभा राहिला. भाचा ओरडला, "आठ!" आईने मानही वर केली नाही. "फुकट गेली. परत टाक."

गेमबॉयमधल्या खेळाच्या आत होतं तेही हेच. टेकलेला चिंचोका हा कुठल्याच दानात बसणारा आकडा नाही. त्याला ओढूनताणून अर्थ दिला तर कुणावर तरी अन्याय होतो, म्हणून तो नाहीच असं धरायचं. दोनशे हा आकडा आला आणि दोनशे क्रमांकाचा डावच नाही, तर तो टाकून द्यायचा. यात कुणाचं पारडं जड होत नाही. प्रत्येक खेपेला उरलेल्या १६३ क्रमांकांना सारखीच संधी असते, २५६ पैकी एक. बाकीचे गळाले तरी यांच्यातली बरोबरी मोडत नाही. वेळही फारसा जात नाही, सरासरी दीडेक वेळा आकडा काढला की काम होतं.

कुणी म्हणेल, फेकून कशाला द्यायचं? १६३ ने भागून बाकी घ्या की! मला स्वतःला हा मोह कैकदा झालाय, आणि नवशिके प्रोग्रामर अजूनही इथेच घसरतात. २५६ मधून १६३ वजा केले की ९३ उरतात. म्हणजे ९३ डावांच्या वाट्याला दोन-दोन आकडे येतील आणि ७० डावांच्या वाट्याला एकेकच. काही डाव दुसऱ्यांच्या दुप्पट वेळा निघतील, आणि वरून सगळं सरळ दिसेल. काटकसर करायला जावं आणि न्याय जावा, असा हा प्रकार आहे. खेळ लिहिणाऱ्यांनी ती काटकसर केली नाही, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

टाकून देण्याची ही युक्ती किती खोल जाते, ते चिंचोक्यावरच दिसतं. चिंचोका काही नाण्यासारखा सारखा पडत नाही. समजा दहात सहा वेळा पांढरी बाजू वर येते. मग चारही पांढरे पडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के होते आणि चारही तपकिरी पडण्याची जेमतेम अडीच टक्के. सारखे पडले असते तर दोन्ही सव्वासहा टक्के असते. आठ मिळवायला जीव का जातो, ते यावरून समजतं.

अशा कललेल्या चिंचोक्यातून सरळ कौल निघेल का? गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ साली याचं उत्तर दिलं, आणि ते ओसरीवरच्या पोराला दोन मिनिटांत समजतं. एकच तुकडा दोनदा टाका. आधी पांढरा मग तपकिरी आला तर कौल पहिल्याचा. आधी तपकिरी मग पांढरा आला तर दुसऱ्याचा. दोन्ही वेळा सारखंच आलं तर फेक फुकट, परत टाका. पांढरा-तपकिरीची शक्यता ०.६ गुणिले ०.४, तपकिरी-पांढऱ्याची ०.४ गुणिले ०.६. गुणाकार उलटा मांडला तरी उत्तर तेच! तुकडा किती कललेला आहे हे माहीत असायचीही गरज नाही. दर वेळी तो तितकाच कललेला असावा आणि एका फेकीचा दुसरीवर परिणाम होऊ नये, एवढं पुरतं. किंमत एकच, निम्म्याहून जास्त जोड्या वाया जातात.

पण चिंचोक्याला हात लागतो, हवा लागते, ओसरीचा उंचसखलपणा लागतो. यंत्र मुळातला आकडा कुठून आणतं? इथे नावाचं काम पडतं. गेमबॉयच्या आत खरोखरच एक मेट्रोनोम आहे. एक मोजणीदार सेकंदाला १६,३८४ वेळा पुढे सरकतो, २५५ झाले की परत शून्यावर येतो. सेकंदात अशा ६४ फेऱ्या होतात. खेळ त्याचा आकडा वाचतो, एका जुन्या आकड्यात मिळवतो, दुसऱ्यातून वजा करतो. मोजणीदार अगदी तालात चालतो, बेतालपणा येतो तो खेळणाऱ्याच्या अंगठ्यातून. बटण शतांश सेकंद उशिरा दाबलं, तर तेवढ्यात मोजणीदार सुमारे १६४ घरं पुढे गेलेला असतो. इतकं नेमकं कुणाचंच बोट चालत नाही.

दोन गेमबॉय वायरने जोडून दोघं लढले की ही रीत चालत नाही. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी लढाईचा हिशेब करतात, आणि दोन्हीकडे मेट्रोनोममधून तोच डाव निघायला हवा. नाहीतर एकीकडे प्राणी पडेल आणि दुसरीकडे उभा राहील. दोन मोजणीदार एका तालात कधीच नसतात. म्हणून दोघं एकच यादी वापरतात आणि तिच्यातून नऊ आकडे क्रमाने घेतात. नऊही संपले की प्रत्येक आकड्याला पाचाने गुणून एक मिळवायचा, आणि २५६ च्या वर गेलेला भाग सोडून द्यायचा. ७ चे ३६, ३६ चे १८१, १८१ चे १३८, १३८ चे १७९. वहीत करून बघा. एकदाही पुनरावृत्ती न होता २५६ च्या २५६ आकडे येतात, मग चक्र परत सुरू होतं. पण नीट बघितलं तर एक खोट सापडते: विषम, सम, विषम, सम. यात कधीच खंड पडत नाही. भाच्याला ही खोट माझ्या आधी दिसली, हे आवर्जून लिहितो.

पोकेमॉनच्या २००४ मधल्या 'एमराल्ड' आवृत्तीत याहून मोठा गुणाकार आहे. आधीच्या आकड्याला १,१०,३५,१५,२४५ ने गुणायचं, २४,६९१ मिळवायचे आणि निकालाचा फक्त वरचा अर्धा भाग वापरायचा. खालच्या टोकाला सम-विषमाचा झोका तसाच असतो, वरच्या भागात तो दिसत नाही. मात्र त्या आवृत्तीत सुरुवात दर वेळी शून्यापासूनच होते. त्यामुळे हिशेबी खेळाडू यंत्र चालू करून घड्याळ लावतात आणि ठरलेल्या क्षणी बटण दाबून हवं ते मिळवतात. नळाच्या कथेत ऋतुपर्ण राजा त्याला अक्षहृदय शिकवतो, म्हणजे फाशांचं गुपित. कथेत तो बेहड्याच्या झाडाखाली थांबतो, आणि जुन्या काळचे फासे बेहड्याच्या बियांचेच असत. आमच्या खानापूरच्या जंगलात बेहडा आहे, आणि आईला ती कथा पाठ आहे.

आकड्यांच्या अशा यंत्रांना चक्रात अडकायची भीती कायम असते. फॉन नॉयमन यांनीच सुचवलेली एक जुनी रीत होती: चार अंकी आकड्याचा वर्ग करायचा आणि मधले चार अंक उचलायचे. ३७९२ चा वर्ग १,४३,७९,२६४. मधले चार अंक? ३७९२. यंत्र तिथेच रुतून बसलं! देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ ज्यांनी शाळेत करून पाहिलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही चार अंकी आकडा घ्यायचा, चारही अंक सारखे नकोत, आणि ते उतरत्या-चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि पुढे तोच राहतो. कापरेकरांना जिथे आनंद मिळाला, तिथेच यादृच्छिक आकडे हवे असणाऱ्याची पंचाईत होते.

एका जागी मात्र पहिल्या खेळाची चूक झालीच. शंभर टक्के अचूक म्हणवणारे डावही कधीमधी हुकतात. अचूकता २५५ अशी नोंदलेली आहे, आणि काढलेला आकडा तिच्याहून लहान असेल तरच डाव लागतो. २५५ हाच आकडा आला तर तो लहान नाही, म्हणून हुकला. २५६ मध्ये एकदा. 'लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' एवढाच फरक होता.

पाऊस ओसरला तेव्हा भाच्याने शेवटचं विचारलं. त्याला हवा तो डाव १६३ वेळांत तरी येणारच ना? नाही. १६३ वेळा वापरूनही तो न येण्याची शक्यता ३७ टक्के राहते. निम्मी शक्यता गाठायलाच ११३ वेळा वापरावा लागतो, आणि सगळे १६३ डाव एकदा तरी बघायचे तर सरासरी सव्वानऊशे वेळा. दीडशे वेळा न आलेला डाव एकशे एकावन्नाव्या वेळीही १६३ त एक याच संधीने येतो. मोजणीदाराला आधीचं काही आठवत नसतं. भाचा गप्प झाला, मग वहीत 'सव्वानऊशे' लिहून त्याने त्याच्याभोवती गोल केला.

सेल आणायला कोण जाणार, हे ठरवायला त्याने एकच चिंचोका उचलला. पांढरा, पांढरा. फुकट. तपकिरी, तपकिरी. फुकट. पांढरा, पांढरा. परत फुकट. चौथ्या जोडीला तपकिरी पडला, मग पांढरा. मी चप्पल शोधायला उठलो.